एका ओळीत गुंडाळलेल्या बंडाबद्दल

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या रविवार पुरवणीत नॉर्वेच्या हाराल्ड राजावर मोठा लेख आला होता, तोच तो हाराल्ड जो तरुणपणी कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आताच्या इस्तंबूलला, जाऊन बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन सम्राटाच्या परदेशी गार्डमध्ये भरती झाला आणि पुढे १०६६ साली इंग्लंडवर चालून गेला आणि स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत मारला गेला. लेख आवडला, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात मधेच एक ओळ होती की बल्गेरियातलं एक बंड मोडायला हाराल्डने मदत केली, आणि बस, लेख पुढे निघून गेला. मग मागच्या रविवारी एका वाचकाचं पत्र आलं की ते बंड म्हणजे एका तोतयाचा उद्योग होता, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ते वाचलं आणि राहवेना. हे पत्र जरा लांबलंय, जागा असेल तेवढं छापा, पण कापायचंच झालं तर कृपा करून शेतसाऱ्याचा भाग कापू नका, माझ्या मते सगळं तिथेच आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही. तलाठी म्हणून पूर्ण नोकरी केली, आता रिटायर होऊन आठ वर्षं झाली. जगाचा इतिहास वाचायची आवड आधीपासून, आणि त्यात कुठेही सारा, वसुली, धान्याचं माप असं काही आलं की मी तिथेच थांबतो, इतक्या वर्षांची सवय आहे. बल्गेरियातल्या या बंडापाशी मी असाच थांबलो आणि मग बरंच वाचत गेलो.

तर त्या माणसाचं नाव पेतर देल्यान, आणि साल १०४०. पण १०४० कळायला जरा मागे जावं लागतं. ओह्रिड म्हणून तळ्याकाठचं एक शहर आहे, आता नॉर्थ मॅसेडोनियात येतं, तिथे साल हजारच्या आसपास सामुइल नावाच्या बल्गेरियन राजाची सत्ता होती. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट बॅसिल दुसरा याच्याशी तो कितीतरी वर्षं लढत होता. शेवटी २९ जुलै १०१४ ला क्लेइडिऑनच्या खिंडीत बॅसिलने बल्गेरियन सैन्याला मागून वळसा घालून पकडलं. आणि पकडलेल्यांचे डोळे काढले. शंभर माणसांमागे एकाचा एक डोळा शिल्लक ठेवला, कशासाठी तर त्याने बाकीच्यांना रस्ता दाखवत घरी न्यावं म्हणून. बायझंटाइन बखरकार हा आकडा १५,००० देतात, आता बखरीतले आकडे कसे असतात ते आपल्याला माहीतच आहे, त्यामुळे आकड्याला मी धरून बसत नाही, पण ती आंधळ्यांची रांग समोर आली तेव्हा सामुइल जागेवर कोसळला आणि ६ ऑक्टोबरला गेला असं लिहिलेलं आहे. बॅसिलला पुढे बल्गारांचा कर्दनकाळ अशी पदवीच चिकटली.

सामुइलच्या मागे त्याचा मुलगा गाव्रिल रादोमिर गादीवर आला, त्याला वर्षभरात त्याच्या चुलतभावाने, इव्हान व्लादिस्लावने मारलं. ही भाऊबंदकी लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे. त्यातही वाईट हे की सामुइलने पूर्वी आपल्या सख्ख्या भावाला सगळ्या कुटुंबासकट संपवलं होतं तेव्हा त्या घरातला हा एकटा इव्हान व्लादिस्लाव वाचला, आणि वाचला तो गाव्रिल रादोमिरने बापाकडे रदबदली केली म्हणून. ज्याने जीव वाचवला त्याचाच जीव घेतला. १०१८ मध्ये इव्हान व्लादिस्लाव पण समुद्राकाठच्या ड्युराकियम शहरासमोर लढताना मेला, म्हणजे आताचं अल्बेनियातलं दुर्रेस, आणि बल्गेरियाचं राज्य संपलं.

आता साऱ्याकडे येतो. बॅसिल लढाईत जेवढा निर्दय होता तेवढाच जिंकल्यावर सावध निघाला. त्याने सांगितलं की सामुइलच्या वेळी जी पद्धत होती तीच चालू राहील. ती पद्धत काय होती हे योआनेस स्कायलिट्झेस नावाच्या बखरकाराने नीट लिहून ठेवलंय, आणि हे वाक्य वाचून मला फार बरं वाटलं होतं कारण राजेरजवाड्यांच्या गर्दीत असं वाक्य क्वचित मिळतं. ज्याच्याकडे एक बैलजोडी असेल त्याने एक माप गहू, तेवढंच भरड धान्य आणि एक घडा वाइन द्यायची. संपलं. आपल्याकडे जुनी माणसं दोन बैली, चार बैली शेतकरी म्हणायची, एका औताची जमीन म्हणायची, तसाच हिशोब. बैलजोडी मोजा आणि माप भरून घ्या.

हे ऐकायला साधं वाटतं पण यात शेतकऱ्याचं सगळं येतं. धान्याने सारा द्यायचा म्हणजे जे पिकलं त्यातलंच द्यायचं, ते खळ्यावर समोर असतं, त्यासाठी कुठे जायला लागत नाही, कुणाच्या दारात उभं राहायला लागत नाही. आणि रोकड म्हटली की आधी ती आणायची कुठून हा प्रश्न. बाल्कनच्या त्या डोंगरी भागात राजधानीसारखा बाजार नव्हता, नाणं खेड्यात फारसं फिरत नव्हतं. म्हणजे सुगी झाली की सगळ्यांनी एकदमच विकायला काढायचं, सगळ्यांनी एकदम काढलं की भाव पडणार, ज्याच्या हातात नाणं आहे तो म्हणेल त्या दराने माल जाणार, आणि वसुलीवाल्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, त्याचा आकडा ठरलेला. नोकरीत मी हे अगदी जवळून बघितलंय, पीक हातात यायच्या आधी त्याचे पैसे संपलेली माणसं. आपल्याकडे १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या त्याच्या मागेही हीच रोख साऱ्याची आणि कर्जाची साखळी होती. तेव्हा स्कायलिट्झेसचं ते वाक्य मला परकं वाटलंच नाही.

बॅसिल १०२५ ला गेला. त्याच्या नंतर जे आले त्यांना त्याने भरून ठेवलेला खजिना पुरला नाही. १०३४ मध्ये मिखाइल चौथा गादीवर आला, महाराणी झोएशी लग्न झालं म्हणून आला, पण तो आजारी माणूस, त्याला फीट यायची, आणि खरा कारभार त्याचा मोठा भाऊ योआनेस बघायचा. हा योआनेस खोजा, म्हणजे खच्ची केलेला पुरुष, होता आणि कॉन्स्टँटिनोपलच्या मोठ्या अनाथालयाचा प्रमुख होता म्हणून त्याला ऑर्फानोट्रोफोस म्हणजे अनाथांचा पालक म्हणायचे. बल्गेरियाचा गहू, भरड धान्य आणि वाइन याऐवजी नाणी घ्यायची हा निर्णय याचा. त्याच काळात दुष्काळ आणि टंचाईही पडलेली. आणि १०३७ मध्ये ओह्रिडचा स्थानिक आर्चबिशप वारला तर त्याच्या जागी थेट राजधानीतून लिओ नावाचा ग्रीक माणूस पाठवला. म्हणजे धान्यही गेलं आणि धर्मपीठावरचा आपला माणूसही गेला. २२ वर्षं जो प्रदेश शांत होता तो पेटला याचं आश्चर्य कुणाला वाटायला नको.

अशा वेळी देल्यान आला. कॉन्स्टँटिनोपलमध्ये कुणाच्या तरी घरी तो गुलाम होता, तिथून पळाला, फिरत फिरत उत्तरेला मोराव्हा नदीच्या खोऱ्यात आणि बेलग्रेडला पोचला, आणि तिथे त्याने सांगितलं की मी गाव्रिल रादोमिरचा मुलगा, सामुइलचा नातू. रादोमिरची पहिली बायको हंगेरीच्या राजाची मुलगी होती, तिला त्याने सोडून दिलं होतं, तिच्या पोटचा मी असं त्याचं म्हणणं. बेलग्रेड तेव्हा अगदी हंगेरीच्या हद्दीला लागून, त्यामुळे ही गोष्ट तिथे पटण्यासारखी पण होती. लोकांनी त्याला ढालीवर उचलून घेतलं म्हणा, डोक्यावर घेतलं म्हणा, राजा केला. आणि राजा होताना त्याने नाव घेतलं पेतर. पेतर हा दहाव्या शतकातला बल्गेरियन झार, ज्याला पुढे संत मानलं, लोकांच्या मनात त्याचा काळ म्हणजे चांगला काळ. बेलग्रेडहून निश, निशहून स्कोप्ये, वाटेत गावंच्या गावं सामील होत गेली आणि हाती लागलेले बायझंटाइन लोक मारले गेले, हेही सांगायला पाहिजे, त्यात काही झाकायचं कारण नाही.

आता तोतया म्हणणाऱ्या वाचकांना मला आदराने उत्तर द्यायचंय. देल्यान खरंच सामुइलचा नातू होता का यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. मिखाइल प्सेल्लोस हा त्या काळात कॉन्स्टँटिनोपललाच असलेला लेखक, तो तर त्याला सरळ लबाड म्हणतो आणि त्याचं नाव डोलियानोस असं लिहितो कारण ग्रीकमध्ये डोलोस म्हणजे कपट. पण प्सेल्लोस दरबारी माणूस, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा काय ठेवणार. आपल्याला तोतया हा शब्द फार ओळखीचा आहे. पानिपतात सदाशिवरावभाऊ पडल्यावर पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, भाऊसाहेब म्हणून एक जण उभा राहिला आणि कोकणातले किल्ले त्याच्या हातात गेले, शेवटी पुण्यात त्याला मृत्युदंड झाला. तो भाऊ नव्हता हे सिद्ध झालं. पण एवढी माणसं त्याच्या मागे का गेली हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही ना. देल्यानचंही तेच. तो खरा होता असं मी म्हणत नाही, खोटा होता असंही नाही. मी एवढंच म्हणतो की लोक ज्या गोष्टीची वाट बघत होते ती त्याने सांगितली, आणि ते वाट का बघत होते ते त्या गव्हाच्या मापात लिहिलेलं आहे.

याला पुरावा पाहिजे असेल तर ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याकडे बघा. निकोपोलिस नावाचा प्रांत, तिथे कौत्झोमायटिस नावाचा वसुली अधिकारी होता, लोकांनी त्याचे अक्षरशः तुकडे केले आणि नाफ्पाक्टोस हे एक शहर सोडून सगळा प्रांत देल्यानकडे गेला. आणि इथे स्कायलिट्झेस स्वतः लिहितो की हे लोक उठले ते देल्यानच्या प्रेमाने नव्हे, ऑर्फानोट्रोफोसच्या पैशाच्या हावेला कंटाळून उठले. हा बायझंटाइन बखरकार आहे, बंडवाल्यांचा माणूस नाही. बल्गेरियन राजघराण्याशी त्या प्रांताचं काही नातं पण नव्हतं. त्यांना सामुइलचा नातू खरा की खोटा याने काय फरक पडत होता?

पण या बंडात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा माणूस देल्यान नाहीये, तो तिहोमिर. याच्याबद्दल कुणी फार लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

देल्यान दक्षिणेला सरकतोय म्हणून ड्युराकियमचा सुभेदार बॅसिल सिनाडेनोस स्थानिक सैन्य घेऊन निघाला. वाटेत देबारजवळ त्याचं आणि त्याच्या हाताखालच्या मिखाइल डर्मोकाइटिसचं भांडण झालं. डर्मोकाइटिसने सम्राटाला पत्र लिहिलं की हा सिनाडेनोसच गादीवर डोळा ठेवून आहे. सम्राटाने काही चौकशी न करता सिनाडेनोसला थेसालोनिकी या ग्रीसमधल्या मोठ्या शहराच्या तुरुंगात टाकलं आणि तक्रार करणाऱ्यालाच सुभेदार केलं. मग त्याने काय केलं, तर स्वतःच्या सैनिकांचे घोडे, हत्यारं, जे काही किमती दिसेल ते काढून घ्यायला सुरुवात केली. सैनिक बहुतेक बल्गेरियन, त्यांनी उठाव केला, डर्मोकाइटिस रात्रीतून पळाला. आता परत जायची सोय नाही, गेलं तर बंडखोर म्हणून शिक्षा, तेव्हा या सैनिकांनी आपल्यातूनच एक राजा निवडला. तिहोमिर. साधा सैनिक, शूर आणि डोक्याने चांगला म्हणून सगळ्यांना माहीत असलेला. कुणाचा नातू नाही, कुणाचा मुलगा नाही, बरोबरच्या माणसांनी त्याचं काम बघून त्याला निवडलेलं.

म्हणजे एकाच वेळी दोन बंडं आणि दोन राजे. देल्यानने तिहोमिरला गोड पत्र पाठवलं, ये, आपण मिळून लढू. तो आला. दोन्ही सैन्यं एकत्र जमली आणि देल्यानने सगळ्यांसमोर उभं राहून विचारलं, मी सामुइलच्या रक्ताचा आहे हे तुम्हाला मान्य असेल तर तिहोमिरला बाजूला करा, मान्य नसेल तर मला बाजूला करा आणि त्याला राजा ठेवा, कारण एका झुडपात दोन रॉबिन राहत नाहीत. स्कायलिट्झेसने ही म्हण दिलेली आहे. आपण म्हणतो एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. तिकडे झुडूप आणि पक्षी, इकडे म्यान आणि तलवार, पण बोलणारा माणूस तोच आणि त्याच्या मनातलं पण तेच. जमावाने ओरडून देल्यानचं नाव घेतलं, आणि तिहोमिरला तिथल्या तिथे दगडांनी ठेचून मारलं.

हा प्रसंग मी किती वेळा वाचला असेल. माझं मत असं की हे बंड पुढच्या वर्षी रणांगणात हरलं पण खरं हरलं ते इथे. लोक उठले होते साऱ्याच्या विरुद्ध, लुबाडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या विरुद्ध, आणि त्यातून एक माणूस स्वतःच्या कर्तृत्वावर वर आला होता. त्याला मारलं ते कशावर, तर रक्तावर. रक्त हेच जर माप ठरलं तर उद्या तुझ्यापेक्षा पक्क्या रक्ताचा कुणी आला तर काय करणार हा विचार देल्यानने त्या दिवशी केला नाही. आणि तो माणूस काही महिन्यांतच आला.

त्याआधी मात्र बंडाचे चांगले दिवस आले. सम्राट मिखाइल तेव्हा थेसालोनिकीतच होता, आजार बरा व्हावा म्हणून संत दिमित्रीच्या समाधीपाशी प्रार्थनेला यायचा. देल्यान चाल करून येतोय म्हटल्यावर तो घाईने राजधानीकडे पळाला, आणि आपला तंबू, सोनं, चांदी, कपडे सगळं मानुइल इवात्स नावाच्या विश्वासातल्या माणसाकडे सोपवून गेला. हा इवात्स बल्गेरियन, तो ते सगळं घेऊन सरळ देल्यानला जाऊन मिळाला. काउकानोस नावाच्या सरदाराने ड्युराकियम घेतलं, अँथिमोस म्हणून दुसरा सरदार खाली ग्रीसमध्ये घुसला आणि थीब्जजवळ त्याने बायझंटाइन फौज मोडली. म्हणजे नकाशा घेऊन बघा, वर बेलग्रेड, खाली थीब्ज, पश्चिमेला एड्रियाटिक समुद्र, एवढा पट्टा काही महिन्यांत हातातून गेला. सम्राटाच्या सल्लागारांना घाम फुटला असणार.

१०४० च्या सप्टेंबरात अलुसियान आला. हा इव्हान व्लादिस्लावचा मुलगा, म्हणजे ज्याने गाव्रिल रादोमिरला मारलं त्याचा मुलगा. म्हणून म्हटलं होतं भाऊबंदकी लक्षात ठेवा. अलुसियान बायझंटाइन नोकरीत चांगला वर चढलेला, पार पूर्वेला, आता तुर्कस्तानातलं एर्झुरुम, तिथला सुभेदार होता. पण ऑर्फानोट्रोफोसची नजर त्याच्याकडे पण वळली, ५० पौंड सोन्याचा दंड मागितला, बायकोची एक चांगली जमीन काढून घेतली आणि राजधानीत येऊन दाद मागायला पण बंदी केली. तेव्हा त्याने आर्मेनियन कपडे घातले, कुणाचा तरी नोकर असल्याचं सोंग घेतलं आणि अख्खं साम्राज्य आडवं पार करून ऑस्ट्रोव्हो इथे देल्यानच्या छावणीत पोचला. विचार करा, ज्या माणसाच्या पैशाच्या हावेमुळे निकोपोलिसचे शेतकरी उठले त्याच माणसाच्या हावेमुळे हा सुभेदार पण उठला.

देल्यानने त्याचं स्वागत केलं. दुसरं करणार काय, हा तर खरोखरच राजघराण्यातला, त्याची ओळख कुणाला पटवायला लागत नव्हती. त्याला ४०,००० सैन्य दिलं, हा पण बखरीतला आकडा, आणि थेसालोनिकी घ्यायला पाठवलं. शहराचं रक्षण सम्राटाचा पुतण्या कॉन्स्टँटाइन करत होता. सहा दिवस वेढा चालला, यंत्रं लावून झाली, तट पडेना. मग शहरातल्या लोकांनी संत दिमित्रीच्या समाधीवर रात्रभर जागर केला, तिथलं पवित्र तेल अंगाला लावलं, आणि अचानक दरवाजे उघडून बाहेर तुटून पडले. बल्गेरियन सैन्य बेसावध होतं, उधळलं. १५,००० पडले आणि तेवढेच पकडले गेले असं लिहिलंय. पकडलेले लोक शपथेवर सांगत होते म्हणे की एक तरुण घोडेस्वार पुढे होता आणि त्याच्या अंगातून ज्वाळा निघत होत्या, म्हणजे खुद्द संत दिमित्री. श्रद्धेचा भाग श्रद्धेच्या जागी, पण हरलेल्या सैनिकांचं मन किती खचलं होतं ते यातून कळतं.

त्यानंतर अलुसियान आणि देल्यान दोघांचाही एकमेकांवरचा विश्वास उडाला. याला वाटायचं तो मला मारणार आणि त्याला वाटायचं हा मला विकणार. १०४१ मध्ये अलुसियानने देल्यानला जेवायला बोलावलं, भरपूर पाजलं, आणि तो नशेत असताना त्याचे डोळे काढले. प्सेल्लोस सांगतो की नाकही कापलं, तेही स्वयंपाकघरातल्या सुरीने. बायझंटाइन जगात डोळे गेलेला माणूस राजा राहू शकत नाही, म्हणून हा प्रकार तिथे पुन्हा पुन्हा दिसतो. बॅसिलने सामुइलच्या सैनिकांचे काढले, अलुसियानने देल्यानचे, आणि १०४३ मध्ये त्या ऑर्फानोट्रोफोसचे पण काढले गेले. देल्यानचे डोळे मात्र शत्रूने नाही काढले, चुलत्याच्या घरातल्याने, जेवणाच्या पंगतीत काढले.

मग अलुसियानने काय केलं, बंड चालवलं का? नाही. सम्राटाशी आतून बोलणं लावलं, एक दिवस जाऊन मिळाला, आणि मॅजिस्ट्रोस ही मोठी पदवी घेऊन मोकळा झाला. मागे राहिली ती माणसं कुणाच्या भरवशावर राहिली याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुमच्या लेखातला हाराल्ड. सम्राट मिखाइलचं अंग तोवर सुजून गेलं होतं, घरचे नको म्हणत होते, पण तो म्हणाला की आपल्या कारकिर्दीत राज्यात भर पडली नाही ती नाही, निदान आहे ते जाऊ द्यायचं नाही. तो स्वतः सैन्य घेऊन निघाला, आणि त्या मोहिमेत हाराल्ड आपल्या ५०० माणसांसह होता. आंधळा देल्यान पकडला गेला. इवात्सने प्रिलेपला लाकडी कोट उभारून शेवटचा प्रयत्न केला, तोही मोडला. हाराल्डच्या कवीने त्याला बल्गारांना जाळणारा असं म्हटलंय आणि ते कौतुकाने म्हटलंय. संपादकसाहेब, जळालेली गावं कुणाची होती ते त्या लेखात यायला हवं होतं, माझी तक्रार एवढीच आहे. हाराल्डला त्या मोहिमेनंतर बढती मिळाली, ती पण छोटीशीच. आणि ज्यांच्या शेतातून ती मोहीम गेली त्यांच्या वाट्याला तुमच्या पुरवणीत एक ओळ आली.

सम्राट विजयाची मिरवणूक घेऊन कॉन्स्टँटिनोपलला परतला, कैद्यांच्या पुढे डोळे आणि नाक गेलेला देल्यान. प्सेल्लोसने ती मिरवणूक स्वतः बघितली. तो लिहितो की सम्राट खोगिरावर अंत्ययात्रेत असल्यासारखा झुलत होता आणि लगाम धरलेली त्याची बोटं सुजून माणसाच्या दंडाएवढी झाली होती. १० डिसेंबर १०४१ ला तो गेला. एका वर्षात बंड पण संपलं आणि ते मोडणारा पण संपला.

आज त्या बंडाच्या जागा सर्बिया, नॉर्थ मॅसेडोनिया, अल्बेनिया, ग्रीस आणि बल्गेरिया अशा पाच देशांत विभागल्यात, आणि सामुइल नेमका कुणाचा यावर बल्गेरिया आणि नॉर्थ मॅसेडोनिया यांच्यात अजून वाद चालतो. मला त्या वादात पडायचं नाही. माझी विनंती आहे की पुढे कधी हाराल्डबद्दल किंवा बायझंटाइन सम्राटांबद्दल छापाल तेव्हा देल्यानचं नाव घ्या, तिहोमिरचं पण घ्या, आणि गव्हाच्या त्या मापाचा उल्लेख करा. शाळेतल्या मुलांना लढायांची सालं पाठ होतात, साऱ्याची पद्धत बदलली की काय होतं हे त्यांना कुणी सांगत नाही.

आणि तोतया म्हणून विषय संपवणाऱ्या वाचकांसाठी एक शेवटची गोष्ट. बंड १०४१ ला मोडलं. १०७२ मध्ये स्कोप्येला गेओर्गी वोइतेहने परत उठाव केला, त्यांनी शेजारच्या राज्यातून बोदिन नावाचा राजपुत्र आणला, प्रिझ्रेनला त्याचा राज्याभिषेक झाला आणि त्याचं नाव ठेवलं पेतर. तेही मोडलं. मग ११८५ साली नॉर्मन लोकांनी थेसालोनिकी लुटलं, आणि तिकडे सम्राट इसाकने आपल्या लग्नाच्या खर्चासाठी डोंगरातल्या लोकांच्या गुराढोरांवर पट्टी बसवली. परत साराच. तेव्हा तिर्नोव्होच्या दोन भावांनी, असेन आणि तोदोर यांनी, संत दिमित्रीच्या नावाचं देऊळ बांधलं आणि लोकांना सांगितलं की संत आता थेसालोनिकी सोडून आपल्याकडे राहायला आलाय. ज्याने देल्यानचं सैन्य उधळलं असं मानत होते तोच संत. त्या वेळी मात्र उठाव टिकला आणि बल्गेरियाचं राज्य परत उभं राहिलं. दोघा भावांतल्या तोदोरने डोक्यावर सोन्याचं कडं घातलं, पायात सम्राटासारखे लाल बूट चढवले, आणि राजा म्हणून नाव घेतलं ते पेतर.

आपला नम्र,
एक निवृत्त तलाठी,
जि. सातारा